फलकावरचा ए++ : महाविद्यालयांचे मानांकन कसे होते आणि ते कसे वाचावे

महाविद्यालयांना ए++ पासून सीपर्यंत अक्षरी श्रेणी देण्याची पद्धत बंद करून त्याऐवजी ‘मानांकित’ किंवा ‘मानांकित नाही’ एवढाच निकाल देण्याचे महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅक या राष्ट्रीय परिषदेने २०२४ च्या जानेवारीत जाहीर केले. ही नवी पद्धत ठरलेल्या मुदतीत सुरू झाली नाही. त्यातच २०२५ च्या फेब्रुवारीत आंध्र प्रदेशातील एका अभिमत विद्यापीठाला ए++ श्रेणी मिळवून देण्यासाठी लाच दिल्या-घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या पाहणी समितीचे अध्यक्ष, समितीचे काही सदस्य आणि त्या विद्यापीठाचे पदाधिकारी अशा दहा जणांना अटक केली. या दोन्ही बातम्या शिक्षणक्षेत्राबाहेर फारशा पोहोचल्या नाहीत, मात्र प्रवेशाच्या हंगामात चौकाचौकांत लागणाऱ्या फलकांवर ‘नॅक ए++’ ही अक्षरे पूर्वीसारखीच झळकत राहिली. मुलामुलींच्या प्रवेशासाठी लाखो रुपये मोजणाऱ्या पालकांनी या अक्षरांना नेमके किती वजन द्यावे, हे ठरवायचे असेल तर ती अक्षरे कोण, कशाच्या आधारावर आणि किती काळासाठी देते हे आधी समजून घ्यावे लागेल.

परवानगी, संलग्नता आणि मानांकन

एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या माहितीपत्रकावर साधारणपणे तीन-चार शिक्के असतात. ‘एआयसीटीई मान्यताप्राप्त’, ‘विद्यापीठाशी संलग्न’, ‘नॅक ए+’ आणि ‘एनबीए मानांकित’. वाचणाऱ्याला ही सगळी एकाच प्रकारची प्रशस्तिपत्रे वाटतात, पण त्यांतील प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे.

पहिला शिक्का परवानगीचा आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद, म्हणजे एआयसीटीई, अमुक अभ्यासक्रम अमुक जागांसह चालवण्यास मंजुरी देते. वैद्यकीय शिक्षणासाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, विधी शिक्षणासाठी बार कौन्सिल, औषधनिर्माणशास्त्रासाठी फार्मसी कौन्सिल अशा स्वतंत्र यंत्रणा हेच काम करतात. संलग्नतेचा अर्थ असा, की अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची असते आणि महाविद्यालय फक्त शिकवते. परवानगी आणि संलग्नता नसेल तर महाविद्यालय चालूच शकत नाही, त्यामुळे त्यांची जाहिरात करण्यात तसा काही अर्थ नाही. मानांकनाचे तसे नाही. परवानगी मिळून, काही वर्षे काम करून झाल्यावर, ते काम कसे चालले आहे याची बाहेरच्या यंत्रणेने केलेली तपासणी म्हणजे मानांकन. नॅक आणि एनबीए हे शिक्के या प्रकारचे.

महाराष्ट्रातील वाचकाला हा फरक पतसंस्थेच्या उदाहरणावरून चटकन कळेल. निबंधकाकडे नोंदणी झाल्याशिवाय पतसंस्था उभी राहत नाही. ती झाली परवानगी. पुढे लेखापरीक्षक संस्थेची दप्तरे तपासतो आणि तिला अ, ब, क किंवा ड असा ऑडिट वर्ग देतो. ते झाले मानांकन. लेखापरीक्षक प्रत्येक कर्जदाराच्या घरी जात नाही, तो समोर ठेवलेली कागदपत्रे नियमांशी ताडून पाहतो. ‘अ’ वर्ग मिरवणाऱ्या पतसंस्थेतही ठेवी अडकू शकतात, हे आपल्याकडे अनेकांना महागात पडून कळले आहे. तरीही ठेव ठेवताना ऑडिट वर्ग न विचारणे शहाणपणाचे नसते. नॅकच्या श्रेणीकडेही साधारण याच नजरेने पाहावे.

वर्तमानपत्रांत दरवर्षी गाजणारी एनआयआरएफ ही शिक्षणसंस्थांची सरकारी क्रमवारी आणखी निराळी. तिची घोषणा २०१५ मध्ये झाली आणि पहिली यादी २०१६ मध्ये आली. क्रमवारीत संस्थांची एकमेकींशी तुलना होते, त्यामुळे एक वर चढली की दुसरी खाली येतेच. मानांकनात प्रत्येक संस्थेची तुलना ठरलेल्या निकषांशी होते, आणि निकष पूर्ण केले तर शेकडो संस्थांना एकच श्रेणी मिळू शकते.

नॅक म्हणजे कोण?

राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषद हे नॅकचे पूर्ण नाव. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून आणि त्याच्या १९९२ च्या कृती आराखड्यातून ही कल्पना पुढे आली आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, १९९४ मध्ये ही स्वायत्त परिषद स्थापन केली. तिचे मुख्यालय बंगळूरुला आहे. सुरुवातीला संस्थांना तारे दिले जात, नंतर नऊ पायऱ्यांची श्रेणी आली, २००७ मध्ये ए, बी, सी, डी अशी चारच अक्षरे उरली आणि २०१६ पासून ए++ ते सी या सात पायऱ्या लागू झाल्या.

मानांकन घेणे आधी ऐच्छिक होते. यूजीसीच्या २०१२ च्या विनियमांनी ते बंधनकारक केले. तरीही २०२३ च्या फेब्रुवारीत संसदेत दिलेल्या माहितीनुसार देशातील १,११३ विद्यापीठांपैकी ६९५ आणि ४३,७९६ महाविद्यालयांपैकी ३४,७३४ नॅकच्या मानांकनाविनाच चालू होती. मानांकन घेतलेल्या महाविद्यालयांच्या संख्येत महाराष्ट्र दीर्घकाळ आघाडीवर राहिला आहे. म्हणूनच आपल्याकडे ‘नॅक’ हा शब्द प्राध्यापकांच्या घरातील लहान मुलांनाही ठाऊक असतो.

तपासणी कशी होते?

पहिल्यांदा मानांकनासाठी अर्ज करायचा असेल, तर विद्यार्थ्यांच्या किमान दोन तुकड्या पदवी घेऊन बाहेर पडलेल्या असाव्या लागतात किंवा संस्थेला सहा वर्षे झालेली असावी लागतात. पात्रता मान्य झाली, की महाविद्यालय स्वतःविषयीचा एक मोठा अहवाल नॅकच्या संकेतस्थळावर भरते. त्याला स्वयं-अध्ययन अहवाल म्हणतात. महाविद्यालयांत मात्र सगळे त्याला ‘एसएसआर’ याच नावाने ओळखतात. त्यात मागील पाच वर्षांची आकडेवारी आणि वर्णने असतात आणि प्रत्येक आकड्यामागे पुरावा जोडावा लागतो. संगणक खरेदी केले म्हटले की बिल, कार्यशाळा घेतली म्हटले की परिपत्रक, उपस्थितांच्या सह्या आणि छायाचित्र, शिष्यवृत्ती मिळाली म्हटले की मंजुरीचे पत्र. हे सगळे गोळा करण्याची जबाबदारी अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाची, म्हणजे ‘आयक्यूएसी’ची, आणि त्याच्या समन्वयकाची असते. मानांकनाच्या वर्षात हा समन्वयक वर्गात कमी आणि स्कॅनरपाशी जास्त दिसतो, अशी सहकाऱ्यांची तक्रार असते. ती पुष्कळदा खरीही असते.

२०१७ पासून लागू असलेल्या चौकटीत सुमारे सत्तर टक्के मूल्यांकन आकड्यांवर आणि उरलेले वर्णनात्मक उत्तरांवर होते. आकड्यांची पडताळणी समितीची भेट होण्याआधीच बाहेरची यंत्रणा कागदपत्रांवरून करते. याच टप्प्यावर नॅक विद्यार्थ्यांना थेट ईमेल पाठवून त्यांचे समाधान-सर्वेक्षण घेते. शिक्षक वेळेवर वर्गात येतात का, अंतर्गत परीक्षेचे गुण न्याय्य असतात का, अशा स्वरूपाचे सुमारे वीस प्रश्न त्यात असतात. विद्यार्थ्यांकडून नॅकने थेट मत घ्यावे, अशी संपूर्ण प्रक्रियेतली ही मोजकी जागा आहे. मात्र महाविद्यालयातील दहा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उत्तरे आली तरी सर्वेक्षण पुरेसे मानले जाते.

आकड्यांचा किमान उंबरठा ओलांडला की तज्ज्ञांची समिती, म्हणजे पीअर टीम, दोन-तीन दिवसांसाठी येते. बाहेरच्या विद्यापीठांतील कुलगुरू, प्राध्यापक किंवा प्राचार्य तिचे सदस्य असतात. ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह पाहून आणि विद्यार्थी, पालक, माजी विद्यार्थी व कर्मचारी यांच्याशी बोलून समिती वर्णनात्मक भागाला गुण देते. नियमाप्रमाणे समितीच्या प्रवासाची आणि मुक्कामाची व्यवस्था महाविद्यालयाने करायची नसते. भेटीच्या आदल्या आठवड्यात भिंतींना रंग लागतो, बागेत तयार हिरवळ अंथरली जाते आणि वर्षानुवर्षे कुलूपबंद असलेली भाषा प्रयोगशाळा उघडते. हे सगळ्यांनाच ठाऊक असते, समितीलाही. शेवटी आकडे, सर्वेक्षण आणि भेट यांची बेरीज होऊन चारपैकी गुणांक निघतो आणि त्यावरून अक्षर ठरते. हे मानांकन सर्वसाधारणपणे पाच वर्षे टिकते.

गुण कशाला मिळतात?

एकूण १,००० गुण सात निकषांत विभागलेले आहेत : अभ्यासक्रम, अध्यापन-अध्ययन व मूल्यमापन, संशोधन व विस्तारकार्य, पायाभूत सुविधा, विद्यार्थी-साहाय्य व प्रगती, प्रशासन व नेतृत्व, संस्थात्मक मूल्ये व उत्तम उपक्रम. संस्थेच्या प्रकाराप्रमाणे ही विभागणी बदलते, आणि वाचकाने लक्षात ठेवावी अशी पहिली बाब हीच आहे. विद्यापीठाला अध्यापनासाठी २०० आणि संशोधनासाठी २५० गुण आहेत. संलग्न महाविद्यालयाला अध्यापनासाठी ३५० गुण आणि संशोधन-विस्तारासाठी त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास गुण आहेत. म्हणजे एखाद्या विद्यापीठाची ए+ आणि त्याच शहरातील एखाद्या संलग्न महाविद्यालयाची ए+ ही दोन वेगळ्या मापांनी मोजलेली श्रेणी असते.

आता यातील एकच आकडा जवळून पाहू. मंजूर पदांपैकी किती पदांवर पूर्णवेळ शिक्षक आहेत, याची पाच वर्षांची टक्केवारी अध्यापनाच्या निकषात मागितली जाते. वर्षभर पूर्णवेळ कामाच्या किमान ९० टक्के तास काम करणारा शिक्षक म्हणजे पूर्णवेळ शिक्षक, अशी नॅकची व्याख्या आहे. समजा, एका ग्रामीण अनुदानित महाविद्यालयात ४० पदे मंजूर आहेत. निवृत्तीमुळे त्यांतील १६ रिकामी झाली आहेत आणि तिथे तासिका तत्त्वावरचे, म्हणजे ‘सीएचबी’चे, प्राध्यापक शिकवत आहेत. वर्ग रिकामे नाहीत, अभ्यासक्रम वेळेत संपतो, सीएचबीच्या प्राध्यापकांपैकी काहींकडे पीएचडी आहे आणि बहुतेक सेट-नेट या पात्रता परीक्षा उत्तीर्ण आहेत. तरीही या ओळीत महाविद्यालयाचा आकडा ६० टक्केच भरतो. अनुदानित पदे भरण्यासाठी शासनाची ना-हरकत लागते आणि ती कधी मिळेल हे प्राचार्यांच्या हातात नसते. म्हणजे भरती रखडवते शासन आणि गुण जातात महाविद्यालयाचे. हा निकष चुकीचा आहे, असे माझे म्हणणे नाही. तुटपुंज्या मानधनावर, वर्षागणिक नेमणुकीवर राबणाऱ्या शिक्षकांच्या बळावर चालणारी व्यवस्था कमकुवतच असते आणि ती तशी दिसलीच पाहिजे. पण ही कमकुवतता कोणामुळे आली, हे अक्षर सांगत नाही. ते जाणून घेण्यासाठी अहवालच उघडावा लागतो.

उलट बाजूनेही हेच घडते. भरपूर निधी असलेली विनाअनुदानित संस्था सुविधांचे, संगणकांचे आणि करारपत्रांचे आकडे सहज भरून काढते, आणि पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांना बारावीच्या पन्नास टक्क्यांवरून पदवीपर्यंत नेणारे छोटे महाविद्यालय मागे पडते. विद्यार्थी कोठून आला आणि कोठे पोहोचला, हे अंतर मोजण्याची धड सोय या चौकटीत नाही. माझ्या मते हा तिचा सर्वांत मोठा दोष आहे, लाचखोरीच्या बातम्यांहूनही मोठा.

शाखेचे मानांकन : एनबीए

नॅक संपूर्ण संस्था तपासते. अभियांत्रिकी, व्यवस्थापन, औषधनिर्माण अशा व्यावसायिक शिक्षणात एकेका अभ्यासक्रमाची तपासणी करण्याचे काम राष्ट्रीय मानांकन मंडळ, म्हणजे एनबीए, करते. एआयसीटीईने १९९४ मध्ये सुरू केलेले हे मंडळ २०१० पासून स्वायत्त आहे. एकाच महाविद्यालयातील संगणक शाखा एनबीए मानांकित आणि यंत्र शाखा मानांकनाविना, असे सहज असू शकते. त्यामुळे माहितीपत्रकावर नुसते ‘एनबीए मानांकित’ असे लिहिलेले असेल तर पुढचा प्रश्न ‘कोणती शाखा?’ हाच असला पाहिजे.

एनबीएचा भर निष्पत्तीवर असतो. वर्गात काय शिकवले, यापेक्षा शेवटी विद्यार्थ्याला काय करता आले याचा हिशेब ते मागते. स्थापत्य शाखेच्या दुसऱ्या वर्षातील एका विषयाचे उदाहरण घेऊ. तुळईवर भार दिला असता तिचा बेंडिंग मोमेंट डायग्राम काढता येणे, ही त्या विषयाची एक निष्पत्ती असे शिक्षकाने सत्राच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलेले असते. परीक्षेतला तिसरा प्रश्न या निष्पत्तीशी जोडलेला असतो आणि वर्गातील किमान साठ टक्के विद्यार्थ्यांनी त्या प्रश्नात किमान साठ टक्के गुण मिळवावेत, असे लक्ष्य ठरवलेले असते. समजा, साठांपैकी चोवीस विद्यार्थ्यांनाच तेवढे गुण मिळाले. मग निष्पत्ती गाठली गेली नाही अशी नोंद होते, आणि पुढच्या वर्षी या घटकासाठी जादा सराव-तासिका घेणार, असे काहीतरी शिक्षकाला लिहावे लागते. पुढच्या वर्षी त्या तासिका खरोखर झाल्या का आणि आकडा हलला का, हे मानांकनाच्या वेळी पाहिले जाते.

कागदावर ही पद्धत अतिशय चांगली आहे, आणि जिथे ती मनापासून राबवली जाते तिथे तिचा उपयोगही होतो. अडचण अशी, की निष्पत्ती, प्रश्नपत्रिका आणि लक्ष्य ही तिन्ही एकाच माणसाच्या हातात असतात. लक्ष्य साठावरून पन्नासावर आणले किंवा प्रश्न सोपा काढला, की न शिकवताही आलेख वर जातो.

एनबीएचे मानांकन तीन किंवा सहा वर्षांचे असते. सहा वर्षे मिळालेल्या शाखेची तयारी तीन वर्षांच्या शाखेपेक्षा पुष्कळ चांगली ठरलेली असते, पण फलकावर वर्षांचा उल्लेख क्वचितच असतो.

परदेशात याचा उपयोग होतो का?

होतो, पण जाहिरातींतून वाटतो तितका सरसकट नाही. अभियांत्रिकी पदव्यांची परस्पर समकक्षता मानणाऱ्या वॉशिंग्टन करारात भारत २०१४ च्या जूनमध्ये कायम सदस्य म्हणून सामील झाला आणि भारताच्या वतीने त्यात एनबीए आहे. मात्र या कराराचा लाभ एनबीएने ‘टियर-१’ प्रकारात मानांकित केलेल्या शाखांनाच मिळतो, आणि हा प्रकार विद्यापीठे व स्वायत्त संस्थांसाठी आहे. विद्यापीठाचाच अभ्यासक्रम शिकवणारी संलग्न महाविद्यालये ‘टियर-२’ मध्ये येतात. त्यांचे एनबीए मानांकन देशात महत्त्वाचे असले तरी या कराराच्या कक्षेत बसत नाही. शिवाय या करारामुळे शैक्षणिक पात्रता ओळखली जाते, नोकरी किंवा परवाना आपोआप मिळत नाही.

नॅकच्या श्रेणीचाही एक उपयोग कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांच्या विद्यार्थ्यांना माहीत असावा. भारतातील तीन वर्षांची पदवी अमेरिकेतील चार वर्षांच्या पदवीच्या तोडीची मानायची की नाही, यावर फार घोळ असतो. परदेशी पदव्यांचे मूल्यांकन करणारी वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस ही संस्था पदवी प्रथम किंवा द्वितीय श्रेणीतील असेल आणि ती देणाऱ्या संस्थेला नॅकची किमान ए श्रेणी असेल, तर अशी पदवी समकक्ष धरते. इथे पदवी देणारी संस्था म्हणजे सहसा विद्यापीठ, हे विसरू नये.

श्रेणी नसेल तर पदवी बाद ठरते का?

नाही. पदवी वैध आहे की नाही हे ती देणारे विद्यापीठ कायद्याने स्थापन झालेले आणि यूजीसीच्या यादीत आहे की नाही यावर ठरते. मानांकन नसलेल्या, पण मान्यताप्राप्त विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयातून मिळालेली पदवी नोकरीसाठी आणि पुढील शिक्षणासाठी तितकीच वैध असते. धोका आहे तो मान्यताच नसलेल्या संस्थांचा. यूजीसी बनावट विद्यापीठांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करते आणि तीत नागपूरच्या एका तथाकथित विद्यापीठाचे नाव वर्षानुवर्षे आहे. तेव्हा प्रवेश घेताना विद्यापीठ खरे आहे ना हे आधी पाहावे, अभ्यासक्रमाला त्या-त्या परिषदेची परवानगी आहे ना हे त्यानंतर, आणि मानांकनाचा विचार सर्वांत शेवटी करावा.

श्रेणीसाठी एवढी धडपड कशासाठी?

कारण तिच्यावर पैसा आणि स्वातंत्र्य अवलंबून असते. यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांनुसार नॅकचा गुणांक ३.५१ किंवा त्याहून अधिक असलेले विद्यापीठ पहिल्या गटात बसते आणि त्याला नवे अभ्यासक्रम, विभाग किंवा केंद्रे सुरू करताना दरवेळी आयोगाच्या दारात उभे राहावे लागत नाही. महाविद्यालयाला स्वायत्तता हवी असेल, विद्यापीठाला ऑनलाइन पदव्या सुरू करायच्या असतील किंवा केंद्राच्या योजनेतून निधी हवा असेल, तरी मानांकनाची अट आडवी येते. खासगी संस्थांच्या बाबतीत शुल्क आणि प्रवेशसंख्या यांवरही अक्षराचा परिणाम होतो. एवढी मोठी बक्षिसे दोन-तीन दिवसांच्या भेटीवर आणि काही शतांश गुणांवर टांगली, तर ती मिळवून देणारे मध्यस्थ उभे राहणारच.

मग या श्रेणीवर विश्वास ठेवायचा की नाही?

हा प्रश्न यंत्रणेच्या आतूनही विचारला गेला आहे. नॅकच्या कार्यकारी समितीचे तत्कालीन अध्यक्ष, पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन यांनी मानांकन प्रक्रियेत गैरप्रकार होत असल्याची भीती व्यक्त करून स्वतंत्र चौकशीची मागणी केली आणि २०२३ च्या मार्चमध्ये राजीनामा दिला. २०२५ मधील अटकांच्या सुमारास नॅकने शेकडो परीक्षकांची नावे आपल्या यादीतून वगळली आणि प्रत्यक्ष भेटींऐवजी ऑनलाइन पाहणीवर भर देण्याचे ठरवले. लाचेच्या प्रकरणातील आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचे आहेत. पण भेटीला येणारी माणसे हाच या साखळीतील कच्चा दुवा आहे, हे नॅकने आपल्या कृतीतून मान्य केले आहे.

तरीही सगळ्याच श्रेणी विकत घेतलेल्या असतात, असा निष्कर्ष काढणे हजारो प्रामाणिक महाविद्यालयांवर अन्याय करणारे ठरेल. मानांकनामुळे गेल्या तीन दशकांत ग्रंथालयांची यादी संगणकावर आली, तक्रार निवारण समित्या निदान कागदावर तरी अस्तित्वात आल्या आणि विद्यार्थ्यांना आपले मत लेखी मागितले जाते हे पहिल्यांदा कळले. ‘शिकवायचे की फायली करायच्या?’ ही प्राध्यापकांची तक्रार रास्त आहे. पण फाइलच नव्हती तेव्हा जिथे सगळे काही सुरळीत चालले होते, असे महाविद्यालय शोधावे लागेल.

अक्षरे गेली तर तुलना कशी करायची?

इस्रोचे माजी अध्यक्ष डॉ. के. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सुचवलेल्या नव्या पद्धतीत दोन टप्पे आहेत. पहिल्यात संस्था मानांकित, मानांकनाच्या प्रतीक्षेत किंवा अमानांकित यांपैकी एका गटात बसेल. दुसऱ्या टप्प्यात मानांकित संस्थांना, त्यांची इच्छा असल्यास, एक ते पाच अशा पातळ्यांवर चढत जाता येईल. संस्थांनी आपली माहिती एकाच राष्ट्रीय संग्रहात भरावी आणि नॅक, एनबीए, एनआयआरएफ यांनी ती तिथूनच घ्यावी, म्हणजे एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसराच आकडा भरता येणार नाही, अशीही त्यात कल्पना आहे. ती प्रत्यक्षात आली तर अक्षरे जाण्यापेक्षा याचाच परिणाम मोठा होईल.

अक्षरे काढण्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. कमी श्रेणी मिळून नाचक्की होण्यापेक्षा अर्जच न करणे अनेक महाविद्यालयांना सोयीचे वाटते, आणि हजारो संस्था मानांकनाबाहेर राहण्याचे ते एक कारण आहे. किमान पात्रतेचाच प्रश्न असेल तर त्या पुढे येतील, अशी अपेक्षा आहे. पालकांना मात्र पहिल्या टप्प्यानंतर सगळीच महाविद्यालये सारखी दिसू लागतील, ही शंका रास्त आहे. पण आजची अक्षरे तरी तुलनेला कितपत पुरतात? ३.२५ गुणांक मिळवणारे महाविद्यालय ए असते आणि ३.२६ वाले ए+. शिवाय २०१६ पूर्वी ३.०१ पासून ४ पर्यंत सगळ्यांनाच ए मिळत असे, त्यामुळे जुन्या फलकावरील ए आणि नंतरची ए यांचा अर्थ एक नव्हे.

फलक आणि अहवाल कसा वाचावा?

फलकावरील श्रेणी नेमकी कोणाची आहे, हे सर्वांत आधी पाहावे. मानांकन शिक्षणसंस्थेच्या मंडळाला किंवा ट्रस्टला मिळत नाही, एकेका महाविद्यालयाला मिळते. एकाच मंडळाच्या दहा महाविद्यालयांपैकी एकाची ए++ उरलेल्या नऊंच्या जाहिरातीत वापरली गेलेली दिसते, तर कधी संलग्न महाविद्यालय आपल्या विद्यापीठाची श्रेणी ठळक अक्षरांत छापते. त्यानंतर मुदत पाहावी, आणि अक्षराऐवजी गुणांक विचारावा.

मग महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर जाऊन ‘आयक्यूएसी’ किंवा ‘नॅक’ हा विभाग उघडावा. स्वयं-अध्ययन अहवाल आणि दरवर्षीचा गुणवत्ता अहवाल तिथे ठेवणे अपेक्षित असते, आणि पीअर टीमचा अहवाल नॅकच्या संकेतस्थळावरही मिळतो. शेकडो पानांचा अहवाल सगळा वाचण्याची गरज नाही. त्यातील २.२ या क्रमांकाच्या उपनिकषात एका शिक्षकामागे किती विद्यार्थी आहेत ते कळते, २.४ मध्ये किती पदे भरलेली आहेत आणि किती शिक्षक सेट, नेट किंवा पीएचडीधारक आहेत ते कळते, २.६ मध्ये उत्तीर्णांचे प्रमाण असते आणि ५.२ मध्ये किती विद्यार्थी नोकरीला लागले किंवा पुढे शिकायला गेले याची पाच वर्षांची आकडेवारी असते. पीअर टीमच्या अहवालाच्या शेवटी संस्थेची बलस्थाने, उणिवा आणि शिफारशी दिलेल्या असतात. त्यातील उणिवांचा परिच्छेद छापून घेऊन प्रवेशाच्या चौकशीला जाताना सोबत न्यावा, आणि त्यातली कोणती उणीव गेल्या पाच वर्षांत दूर झाली हे प्राचार्यांना विचारावे.